उलट्या उताराची खाट

मित्रांनो, दचकू नका. हा कुर्रर्र आवाज माझाच आहे. मी एक जुनी लोखंडी खाट आहे आणि जुन्या लोखंडाला गप्प बसवत नाही. कुणी टेकलं की मी बोलते, वारा सुटला तरी बोलते. तुम्ही समोर आलाच आहात तर माझी सगळी गोष्ट ऐकूनच जा. ती अंतराळाची आहे. हसा, खुशाल हसा! मी बंगळूर सोडून कधी कुठे गेले नाही, तरी माझी गोष्ट अंतराळाचीच आहे.

माझा जन्म बोम्मसंद्र्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दवाखान्यांसाठी खाटा बनत. परसू नावाचा बेळगावकडचा वेल्डर होता. त्याचा हात चांगला होता, पण लक्ष वाऱ्यावर. मला जोडत होता त्या दिवशी क्रिकेटचा सामना रंगात आला होता आणि कोपऱ्यातला रेडिओ कोकलत होता. परसूचे दोन्ही कान तिकडे. दवाखान्याच्या खाटेला एक दांडा असतो, तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते आणि आजारी माणसाला टेकून बसता येतं. परसूने माझा दांडा आणि त्याचा स्क्रू सगळंच उलटं बसवलं. तो फिरवला की पायांकडची बाजू वर जायची आणि डोक्याकडची खाली!

“अय्यो परसू, हिच्यावर पेशंट झोपवायचा की ओतायचा?” शेडचे मालक म्हणाले.

सगळे पोट धरधरून हसले. परसूही हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याबरोबरच्या खाटा टेम्पोत चढून झोकात निघून गेल्या आणि मी शेडच्या मागे ऊनपाऊस खात पडले. माझ्यावर कोण कोण झोपलं म्हणता? दोन मांजरं, एक कोंबडी, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः परसू. “तुझं पण जमेल गं कुठंतरी,” असं म्हणून वर माझ्यावरच घोरायचा. फार राग यायचा मला त्याचा.

आणि काय सांगू, एके दिवशी खरंच मला बघायला पाहुणे आले.

त्या होत्या डॉक्टर सुखदा. पुण्याच्या, केस आखूड, बोलणं भराभर. येलहंक्याजवळ एका लहानशा संशोधन केंद्रात त्या काम करत. डोक्याकडे थोडा उतार असलेली खाट करून मिळेल का, असं विचारत त्या कारखानेच पालथे घालत होत्या आणि लोक त्यांना वेड्यात काढत होते. आमच्या मालकांनी मात्र एक शब्द न बोलता त्यांना शेडमागे आणलं. डॉक्टरबाईंनी माझ्यावरची कोंबडी हाकलली, दांडा फिरवला, खाली वाकून उतार पाहिला आणि टाळीच वाजवली.

“अहो, हीच! एक्झॅक्टली हीच!”

“मॅडम, मी मुद्दामच तशी केलेली,” परसू म्हणाला. लबाड कुठला!

त्या दिवशी टेम्पोत बसून मी अख्खं शहर ओलांडलं. शहराच्या एका टोकाला जन्मले आणि दुसऱ्या टोकाला नांदायला गेले. ज्या खोटीपायी सगळे हसले, तीच कुणाला तरी हवी होती. तेव्हा मला इतका आनंद झाला की रस्ताभर मी कुरकुरत, खरं तर गातच होते.

आता उलट्या खाटेचा आणि अंतराळाचा काय संबंध, ते सांगते. अंतराळात माणूस तरंगतो. पायांना अंगाचं ओझंच उचलावं लागत नाही. मौज वाटते ना? पण आपलं शरीर मोठं चिक्कू. ज्या अवयवाला काम नाही, त्याला ते फुकट पोसत नाही. पायांची हाडं विरळ होतात, पोटऱ्या सुकतात, रक्त डोक्याकडे चढून तोंड सुजतं, आणि तरणाताठा गडी परत येतो तो म्हाताऱ्यासारखा डुगडुगत. हे सगळं नीट कळावं म्हणून काही धडधाकट लोकांना डोकं जरा खाली, पाय जरा वर असं महिनाभर झोपवून ठेवायचं आणि काय काय होतं ते मोजायचं, असा डॉक्टरबाईंचा बेत होता. जमिनीवरचं अंतराळ म्हणा ना! आणि ते अंतराळ म्हणजे मी.

माझ्या वाट्याला आला हयवदन. बंगळुरातल्याच चामराजपेटेतला. त्याचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, घरात मराठी, दारात कन्नड आणि बोलताना दोन्हींची खिचडी. एका कचेरीत कारकून होता, पण खरा जीव बॉल बॅडमिंटनमध्ये. तो पिवळा लोकरीचा चेंडू आणि गल्लीतलं मैदान, बस. अंग कसं पिळदार! पहिल्या दिवशी माझ्यावर बसला आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, “अक्का, अंतराळात गेलं की माणूस तरुण राहतो, मी वाचलंय. कानापाशी दोन केस पिकलेत माझे. ते स्वल्प, म्हणजे जरासे, काळे करून द्या.”

डॉक्टरबाई हसून हसून बेजार झाल्या. “हयवदनराव, तिथे घड्याळ थोडं मागे पडतं हे खरंय. पण वर्षभर राहिलात तर किती मागे पडेल? पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी! आणि त्याच वर्षात हाडं दहा वर्षांनी म्हातारी झालेली असतात.”

“सरी, बरं, म्हणजे मन तरुण आणि गुडघे आजोबांचे.”

“तेच. आधीच सांगते आहे. नको वाटत असेल तर आत्ताच उठा.”

“आता पडलो की मी,” असं म्हणून तो आडवा झाला. माझ्या अंगावर पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून झोपलं होतं. काय सांगू त्या सुखाबद्दल!

महिनाभर तो उठला नाही. जेवण आडवं, दाढी आडवी, पेपर वाचणं आडवं. कृष्णात नावाचा कोल्हापूरचा मदतनीस त्याचं सगळं करायचा आणि करता करता त्याची फिरकी घ्यायचा. “काय राव, सासुरवाडीला पण एवढी बडदास्त नसती!” हयवदन सुजलेल्या तोंडाने हसायचा. दिवसभर बडबड. कृष्णात नसला तर माझ्याशी. “काय गं खाटे, झोप झाली का?” असं मला विचारणारा तो पहिला माणूस. मी कुर्र करून उत्तर द्यायची.

दर रविवारी त्याची वहिनी अंजली भेटायला यायची. तिच्या बोलण्यातून मला त्याच्या आईची, गोदूबाईंची माहिती झाली. घरात सगळे त्यांना अम्मा म्हणत. अम्मा म्हणजे एकेकाळी चामराजपेटेतली तोफ! उन्हाळ्यात गच्चीवर त्यांची संडिगे वाळायची, म्हणजे आपले सांडगे हो, तांदळाचे, कोहळ्याचे, नाना तऱ्हेचे. त्यांच्या संडिग्यांशिवाय गल्लीत लग्नाची पंगत उठत नसे. मग त्यांची साठी झाली. मुलांनी थाटात साठी शांत केली आणि सगळ्यांसमोर आईच्या पायाला हात लावून शब्द दिला, की आजपासून अम्माने काडीचंही काम करायचं नाही. शब्द पाळणारी मुलं! त्यांनी झाडू काढून घेतला, विळी काढून घेतली, गच्चीच्या जिन्याला कुलूप लावलं. पुढे दोन वर्षांनी अम्मा न्हाणीघरात घसरल्या, मनगट मोडलं. मनगट कधीच सांधलं, पण पुढची दोन वर्षं त्यांना पलंगावरून कुणी उतरू देईना. पाण्याचा पेलासुद्धा सून तोंडाला लावायची.

“परवा खिडकीशी जायला उठल्या आणि गुडघेच वाकले हो त्यांचे,” अंजली डोळे पुसत म्हणाली. “वय झालं. आम्ही एवढं जपतो, तरी दिवसेंदिवस खंगतच चालल्यात.”

हयवदन त्या रात्री माझ्यावर नुसता कूस बदलत राहिला.

पुढच्या रविवारी त्याचा थोरला भाऊ उमाकांत आला. हयवदनचा अण्णा. मोठा प्रेमळ, पण जिथे तिथे काळजी करणारा माणूस. हयवदनपेक्षा तो माझ्याकडेच जास्त बघत होता. दांडा चाचपला, कठडे हलवून पाहिले.

“अम्माला आता उठूच द्यायचं नाही,” तो म्हणाला. “अशीच कठड्याची खाट हवी. सगळं अंथरुणातच करायचं. ही मिळेल का रे?”

डॉक्टरबाईंनी घाईघाईत जाता जाता ऐकलं आणि घरात कुणी आजारी असेल तर काम संपल्यावर न्या की, असं म्हणून गेल्या. उतार काय, लोहाराकडून सरळ करून घेऊ, असं अण्णांनी मनाशी ठरवलंसुद्धा.

मित्रांनो, मी हरखून गेले! खरं घर! कुकरच्या शिट्ट्या, उदबत्तीचा वास, पोराबाळांचा दंगा, आणि माझ्यावर एक आजी, कायमची. मग मला कुणी पावसात टाकणार नव्हतं. मी मनातल्या मनात माझी जागासुद्धा ठरवली, खिडकीपाशी. अम्मांचं काय होणार, हा विचार मला शिवलाही नाही. खाटेला काय, कुणीतरी झोपलं की झालं!

आणि मग हयवदनचा उठायचा दिवस आला.

अण्णा टेम्पो घेऊनच हजर होते, भाऊ आणि खाट दोन्ही एकदम न्यायला. डॉक्टरबाईंनी दांडा फिरवून मला सपाट केलं. हयवदन बसला. तोंड पांढरंफटक. कृष्णातच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. जो गडी चेंडूमागे हरणासारखा पळायचा, त्याचे पाय थरथरत होते. पोटऱ्या पार आटल्या होत्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि गुडघ्यातून वाकला. कृष्णातने सावरलं म्हणून बरं. मी जागच्या जागी घाबरून गेले.

हयवदन मात्र आपल्या पायांकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “अण्णा, अम्मा अशीच चालते.”

“अरे, ती म्हातारी झाली आहे,” अण्णा म्हणाले.

“मी पण झालोय का? महिनाभरात?” त्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. “अक्का, खरं सांगा. मी पुन्हा खेळणार ना?”

“खेळणार. पहिल्यांदा भिंत धरून चालायचं, मग अंगणात, मग जिना. पायांना काम दिलं की शरीर त्यांना पुन्हा पोसायला लागतं.”

“आणि आमची अम्मा?”

डॉक्टरबाईंनी अम्मांचं सगळं ऐकून घेतलं. मनगट, पलंग, पेला, जिन्याचं कुलूप. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. “मी आधी त्यांना तपासते. गेलेलं सगळं परत येत नाही, खोटं बोलणार नाही. पण पुष्कळ येतं. आणि ही खाट मी तुम्हाला देणार नाही, उमाकांतराव. रागावलात तरी चालेल.”

अण्णांसारखा एवढा मोठा माणूस, माझ्याच कठड्याला धरून उभा होता आणि रडत होता.

“म्हणजे आम्ही तिला म्हातारी केली?”

“प्रेमानंच केली अण्णा,” हयवदन म्हणाला. “चला घरी. आता प्रेमानंच उठवू.”

कृष्णातने टेम्पोत एक गादी टाकली होती, पडून जायला. हयवदनने ती गुंडाळून बाजूला केली आणि पुढे बसून गेला. मी मागेच राहिले. गेटाबाहेर जाणाऱ्या टेम्पोचा आवाज ऐकत होते आणि माझ्या सगळ्या सांध्यांतून रडू येत होतं. घर हातातोंडाशी येऊन निसटलं हो! पण खरं सांगू? त्या रडण्यात एक सुटकाही होती. हयवदनचे ते लटपटणारे पाय मी पाहिले होते. तसे पाय असलेली आजी जन्मभर अंगावर घेऊन मला कसलं सुख मिळणार होतं?

पुढे आणखी चारजण माझ्यावर महिना महिना झोपून गेले. सगळे लटपटत उठले आणि काही आठवड्यांत टणाटण उड्या मारत भेटायला आले. हयवदनही यायचा. पहिल्यांदा रिक्षाने आला, मग बसने. आला की अम्मांची बातमी. अम्मांनी आधी म्हणे सगळ्यांना फैलावर घेतलं. “दोन वर्षं मला पडून राहा म्हणालात, आता ऊठ म्हणता. तुमच्या मनाचं एक काय ते ठरवा!” पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला नुसत्या बसल्या. मग सुनेचा हात धरून उभ्या. मग स्वयंपाकघरापर्यंत. डॉक्टरबाई स्वतः घरी जाऊन त्यांना तपासून आल्या. एकदा अम्मा मध्येच थकल्या, चार दिवस उठायलाच तयार नव्हत्या. तेव्हा हयवदनने त्यांच्या पलंगाशेजारी भिंत धरून आपल्याच उठाबशा सुरू केल्या. अजून त्याचाही तोल जायचा. ते बघून अम्मांना हसू आवरेना. “सरक तिकडे, मी दाखवते,” म्हणून उठल्या.

कार्तिकात बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, आणि वर चढावर नंदीचं देऊळ. ती जत्रा झाली त्या आठवड्यात डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार उघडलं आणि आत एक ठेंगणी, सावळी, जरीच्या काठाचं लुगडं नेसलेली बाई आली. हातात काठी, दुसऱ्या हातात शेंगांची पुडी. मागून हयवदन, अंजली आणि अण्णा. अण्णांचे दोन्ही हात हवेत, ती पडलीच तर झेलायला.

“डॉक्टरीणबाई, नंदीपर्यंत चढून गेले,” ती म्हणाली. “वाटेत तीनदा टेकले. पण गेले.”

या गोदूबाई होत्या. डॉक्टरबाईंनी धावत जाऊन त्यांना मिठीच मारली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “दमला असाल, बसा ना.”

“बेडा, बेडा!” अम्मा म्हणाल्या. “नको! मी उभीच बरी. दोन वर्षं बसून आणि पडून झालं माझं.”

कुणीतरी माझ्यावर बसायला नकार देतंय आणि मला हर्ष होतोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पण अम्मा मला सोडून गेल्या नाहीत. त्या माझ्याभोवती फिरल्या. बाजारात भांडं पारखतात तशी त्यांनी माझी पट्टी न् पट्टी वाजवून पाहिली. दांडा स्वतः फिरवला. माझी एक बाजू खाली गेली. त्या वाकून बघत राहिल्या.

“हिच्यावर माणसं झोपवता?” त्या म्हणाल्या. “अय्यो! ही तर संडिगे वाळवायची खाट आहे. हा उतार बघा. धुतलेला तांदूळ पसरला की पाणी आपोआप निथळेल. जाळी आहे, खालून वारा लागेल. तुमचं काम झालं की मला द्या हो.”

“गच्चीवर?” अण्णा किंचाळलेच. “अम्मा, जिना आहे! रोज वर जाणार कोण?”

“मी,” अम्मा म्हणाल्या. “कुलपाची किल्ली दे.”

अण्णांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. एक किल्ली सोडवली आणि आईच्या हातावर ठेवली. तिच्या पायाला हात लावून दिलेला शब्द ते मोडत होते, पण त्यांचा चेहरा इतका हसरा मी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरबाईंचं काम संपलं आणि अशी मी चामराजपेटेत आले. मला गच्चीवर चढवताना सगळ्या गल्लीने हात लावला, आणि परसूसुद्धा बातमी लागून आला होता. “बघ, मी म्हणालो होतो, तुझं जमेल,” म्हणाला. या वेळी मला राग आला नाही. आता उन्हं तापली की अम्मा एकेक पायरी, कठडा धरत, मध्ये श्वास घेत वर येतात. माझ्यावर पांढरं धुतलेलं कापड अंथरतात आणि त्यावर संडिग्यांच्या रांगा घालतात. गुडघे अजून दुखतात त्यांचे, पावसाळ्यात काठीही लागते. सगळं काही परत आलेलं नाही. पण गल्लीतल्या लग्नांत पुन्हा त्यांचीच संडिगे असतात. खाली हयवदनच्या चेंडूचा ठक ठक आवाज येतो आणि वर कावळे हाकलत अम्मा त्याला ओरडतात, की नीट मार रे!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात, तेल घाला म्हणतात, रंग लावा म्हणतात. मलाही तेल घाला, नाही म्हणत नाही. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी कुणी आजी, आजोबा, काका, मावशी असतील, तर त्यांच्या हातातलं काम मायेपोटी काढून घेऊ नका. आजार असेल तेव्हा झोपू द्या, जरूर झोपू द्या. बरं वाटलं की हात द्या आणि उठवा. अंतराळातला माणूस तरी परत जमिनीवर येतो. घरातल्या घरात तुम्ही कुणाला तरंगत ठेवलंत, तर त्याला खाली कोण आणणार? आणि माझ्यासारख्या खाटा रिकाम्या राहिल्या, तर आमची काळजी करू नका. आम्ही संडिगे वाळवू.

ऐका, खालून अंजली हाक मारते आहे. “अम्मा, फार वेळ झाला हो उन्हात! या ना खाली, जरा पडा!”

अम्मांनी कापडाचं टोक माझ्या पट्टीत खोचलं आणि कठड्यावरून वाकून ओरडल्या, “मला वेळ नाही गं! तूच दमली असशील, तूच पड स्वल्प!”